अडीच विटांवरचं अंतराळ : सातारा-सांगलीकर नवशिक्यांसाठी घरगुती मार्गदर्शिका

अंतराळवैद्यक शिकायला रॉकेट लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. रॉकेट लागतं ते अंतराळात जायला. तिथं गेल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं हे शोधायला लागते खाट, आणि ती आपल्या भागात घरटी एक तरी असतेच. दहावीला विज्ञानात पस्तीस मिळालेल्यांनीही बिचकू नये. या शास्त्रातल्या काही मोठ्या प्रयोगांत ज्यांनी भाग घेतला, त्यांचं मुख्य काम पडून राहणं हेच होतं.

खाट या शास्त्रात कशी आली ते आधी ऐका. १९७० च्या जूनमध्ये निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह हे दोन रशियन गडी सोयूझ-९ मधून अठरा दिवस पृथ्वीभोवती फिरून खाली आले. गेले ते धडधाकट, आले ते दुसऱ्यांच्या आधारानं. त्याच काळात परतलेल्या अंतराळवीरांची एक चमत्कारिक तक्रार तिथल्या डॉक्टरांच्या कानावर येत होती: सपाट खाटेवर निजलं की आपण पायथ्याकडं घसरतोय असं वाटतं. डॉक्टरांनी पायथा उचलला, घसरणं थांबेल तिथवर. मग कुणाच्या तरी डोक्यात उलटा विचार आला. परत आलेल्याला डोकं खाली केल्यावर बरं वाटतं, तर कधीच न गेलेल्याला तसं निजवलं तर त्याचं शरीर अंतराळात असल्यासारखं वागेल का? बऱ्याच अंशी वागलं. तेव्हापासून डोकं सहा अंश खाली हा जगभरच्या अशा प्रयोगांचा ठरलेला कोन आहे. १९८६-८७ मध्ये मॉस्कोत अकरा पुरुष असे डोकं खाली करून ३७० दिवस निजले होते. आपल्याकडं एवढ्या काळात एखाद्याचं लग्न होऊन बारसंही उरकतं.

आता साहित्य. सहा फुटी खाट, पाच विटा, शिंप्याची टेप, बीपीचं मशीन, दोनशे पानी वही, आणि हाक मारल्यावर कुरकुर न करता येणारं घरातलं एक माणूस. शेवटची वस्तू मिळाली नाही तर पुढं वाचू नका.

सहा फुटांच्या खाटेला सहा अंशांचा उतार द्यायचा तर पायथा साडेसात इंच उचलावा लागतो. आकडा ऐकून दचकू नये, शनीचा इथं काही संबंध नाही. तीन इंच जाडीची वीट धरली तर पायथ्याच्या प्रत्येक पायाखाली अडीच विटा. अर्धी वीट कशी आणायची असं विचारणाऱ्यानं गवंड्याचं काम कधी पाहिलेलं नाही.

पुढचे नियम जर्मनीतल्या कोलोनचे आहेत. २०१९ मध्ये तिथल्या अंतराळसंस्थेनं नासाबरोबर चोवीस जणांना, बारा-बाराच्या दोन तुकड्यांत, साठ-साठ दिवस असं निजवलं. उशी नाही. एक खांदा सतत गादीला टेकलेला हवा. जेवण आडवं, अंघोळ आडवी, आणि ज्याचा उल्लेख जेवणाशेजारी करू नये तेही आडवंच. यातल्या काहींना रोज अर्धा तास मोठ्या फिरत्या यंत्रावर निजवून गरगर फिरवलं, म्हणजे पायांकडं पुन्हा वजन जातं का ते बघता यावं. आधीचे तयारीचे आणि नंतरचे सावरण्याचे दिवस धरून एकोणनव्वद दिवसांचे साडेसोळा हजार युरो मिळत, त्या वेळच्या दरानं बारा-तेरा लाख रुपये. जर्मन येणं ही अट होती. साताऱ्यात याच कामाचे पैसे मिळत नाहीत, उलट ऐकून घ्यावं लागतं.

कारण पहिल्याच दिवशी शेजारच्या काकी डोकावतात. "काय झालंया ह्यास्नी?" घरातून उत्तर जातं, "काही नाही, अंतराळात गेल्यात." काकी म्हणतात, "मग उतरल्यावर सांगा, दळण आणायचंय." हा संवाद वहीत लिहू नये. शास्त्रीय नोंदीत फक्त मोजलेलं येतं.

खरं सांगायचं तर नवशिक्यानं साठ दिवस नव्हे, तासभरच हे करून बघावं. बीपी, काचबिंदू, हृदयाचा किंवा मेंदूचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं तर तासभरही नाही. कोलोनला चोवीस तास डॉक्टर असतात, आपल्याकडं काकी.

त्या तासाभरात काय बघायचं? पाणी. सांगलीकराला हे चटकन कळेल. आयर्विन पुलाखाली चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तिथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. आपल्या अंगातही तशी एक नदी आहे आणि दोन पायांवर उभं असेपर्यंत ती पोटऱ्या-मांड्यांकडं ओढ घेते. वजनच नाहीसं झालं की तिचा उतार जातो, आणि दीड-दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडं सरकतो. मग चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. शरीराला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि काही दिवसांत रक्तातलाच पाण्याचा भाग घटतो. म्हणून तर खाली उतरून उभं राहिल्याबरोबर अंतराळवीराच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. तुम्ही निजण्याआधी पोटरीचा घेर टेपनं मोजा, तासानं पुन्हा मोजा. फरक इवलासा असेल, पण असेल.

वरच्या या पाण्याचा खरा त्रास डोळ्यांना होतो. महिनोन्‌महिने राहिलेल्या कित्येकांच्या डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू चपटी झालेली आढळली आहे आणि जवळचं दिसेनासं झालं आहे. जाताना म्हणूनच जादा चष्मे देतात. याहून गंभीर प्रकरण २०२० च्या आरंभी वैद्यकीय नियतकालिकात आलं. अंतराळस्थानकात दोन महिने झालेल्या एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गाठ सापडली. त्याला काहीच होत नव्हतं. रक्त मानेतून कसं वाहतं हे बघायच्या एका संशोधनासाठी तो स्वतःची सोनोग्राफी करत होता, त्यात ती दिसली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं औषधपेटीत मोजकीच होती. पृथ्वीवरचे डॉक्टर ईमेल आणि फोनवरून सांगत राहिले, इंजेक्शनं पुरवून पुरवून वापरली आणि पुढच्या मालवाहू यानातून गोळ्या आल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. आमच्याकडं गावातला डॉक्टर अशा वेळी "मिरजेला न्या" म्हणून चिठ्ठी लिहून मोकळा होतो. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर ती चिठ्ठी चालत नाही, आणि या शास्त्राची निम्मी धडपड त्यासाठीच आहे.

दुसरा धडा घाटाचा. वाईहून पाचगणीला जाणाऱ्या एस.टी.त मागच्या सीटवर बसा आणि पसरणी घाट लागला की मोबाईलवर काहीतरी वाचायला घ्या. कान म्हणतो वळतोय, डोळा म्हणतो अक्षरं तर जागेवर आहेत, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. पहिले दोन-तीन दिवस बहुतेक अंतराळवीरांना असंच यान लागतं. १९८५ मध्ये जेक गार्न नावाचे अमेरिकी सिनेटर डिस्कव्हरी यानातून गेले आणि त्यांना इतकं यान लागलं, की पुढं अंतराळवीर मंडळी आपसांत त्रासाचं माप 'गार्न'मध्ये सांगू लागली. एक गार्न म्हणजे त्याहून वाईट काही नाही. आपण 'पसरणी' हे एकक घ्यावं. अर्धी पसरणीपर्यंत लिंबू पुरतं.

आता तालीम. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, त्यामुळं या विषयात बोलायचा अधिकार आपल्याला आहे. पण अंतराळात तालमीचं काही चालत नाही. जोर मारताना माणूस स्वतःचंच वजन उचलतो. वजनच नसेल तर हजार जोर मारा, घाम यायचा नाही. मल्लखांबावर कुणीही तासभर चिकटून राहील. गदा फिरवावी तर गदा उजवीकडं आणि पैलवान डावीकडं. कुस्तीचा निकाल तर लागणारच नाही, कारण पाठ टेकवायला माती नाही आणि अस्मान दाखवायचं म्हटलं तर ते चहूकडं आहेच.

म्हणून तिथं २००८ पासून एक व्यायामयंत्र आहे. त्यात लोखंडी वजनं नाहीत. निर्वात नळकांड्यातला दट्ट्या ओढायचा, तोच बैठकीला आणि उचलीला विरोध करतो, थेट २७२ किलोपर्यंत. धावायचं तर पट्ट्यांनी स्वतःला धावपट्टीकडं खाली ओढून बांधून घ्यावं लागतं. सुनीता विल्यम्स १६ एप्रिल २००७ रोजी बोस्टन मॅरेथॉन अशी बांधून घेऊन धावल्या, चार तास चोवीस मिनिटांत. यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या सातारच्या हाफ मॅरेथॉनवाल्यांनी हा विक्रम मोडायच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यापाशी जे फुकट आहे ते मिळवायला तिथं ही एवढी यंत्रसामग्री लागली.

हे सगळं रोज दोन तास, आणि तरीही हाडं झिजतात. व्यायामाची नीट सोय नव्हती तेव्हा खुबा आणि कण्याच्या हाडांतून महिन्याला एक ते दीड टक्का हाड जात असे. पाळी गेलेल्या बाईचं साधारण वर्षात जेवढं जातं, तेवढं तिथं महिन्यात. हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, आणि मग मुतखड्याची भीती. उसाचा रस तिथं मिळत नाही.

आता मुगाकडं येऊ. याला जास्त जागा देणार आहे, कारण सगळ्या प्रकरणात हेच आपल्या शेजारचं आहे.

२५ जून २०२५ रोजी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळात गेले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय स्थानकाला लागले आणि १५ जुलैला परतले. बरोबर भारतातल्या संस्थांचे प्रयोग होते: बंगळूरचे जलअस्वल नावाचे सूक्ष्म जीव, स्नायूंच्या पेशी, शेवाळं. आणि धारवाडचे मूग-मेथी. तिथल्या कृषी विद्यापीठानं आणि आयआयटीनं मिळून तो प्रयोग बसवला होता. धारवाड म्हणजे मिरजेहून बेळगाव-लोंढा करत रेल्वेनं पोचायचं गाव. मिरज-धारवाडचं नातं आतापर्यंत गाण्याचं होतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे. आता त्या नात्यात मुगाची भर पडली आहे. मटकी का नेली नाही, हा सातारा जिल्ह्याचा रास्त सवाल आहे, पण तो वेगळ्या अर्जात.

कोरडी बियाणं नेली, तिथं पाणी दिलं, मोड आले, फोटो काढले आणि मोड गोठवून ठेवले. बस, एवढंच. वाचणारा म्हणेल, यात काय मोठं, आमची आई दर बुधवारी फडक्यात बांधून ठेवते. खरा प्रयोग परतल्यावर सुरू होतो: अंतराळात मोड आलेल्या बियांची पुढच्या काही पिढ्यांची रोपं वाढवायची, त्यांच्या जनुकांत, त्यांच्यावरच्या जिवाणूंत आणि अन्नमूल्यात काही फरक पडला का बघायचं. मंगळाच्या वाटेवर ताजी भाजी हवी असेल तर आधी मोड भरवशाचे आहेत का, हे कळायला नको? त्याच्या आधी, ३० डिसेंबर २०२४ ला सुटलेल्या पीएसएलव्ही-सी६० बरोबर इस्रोनं चवळीचे आठ दाणे पाठवले होते. चार दिवसांत ते अंकुरले आणि पुढं दोन-दोन पानंही फुटली. त्याच रॉकेटवर मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा प्रयोग होता. चवळी, पालक, मूग, मेथी. कुणी ज्वारीचं बी पाठवलं की ताट पुरं होईल.

घरी हे असं करा. मुळाच्या टोकाशी काही पेशींत पिठुळ कण असतात. ते वजनानं पेशीच्या तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खाली कुठं ते कळतं. त्या कणांना कधी स्थिर बसूच दिलं नाही तर? १८०६ साली थॉमस नाइट नावाच्या इंग्रज बागायतदारानं ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. चाक वेगानं फिरलं तेव्हा मुळं बाहेरच्या बाजूला आणि कोंब चाकाच्या मध्याकडं वाढले. हळू फिरवलं तर मात्र मुळाला कुठलीच दिशा ठरवता येत नाही, आणि हळू फिरवणं हीच गरिबाची वजनरहित अवस्था. भंगारवाल्याकडं बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी छोटी मोटर मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी. ती जोडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या, विजेशी खेळू नका. मोटर आडवी बसवा, म्हणजे तिचा दांडा जमिनीला समांतर येईल. दांड्यावर प्लॅस्टिकची चपटी डबी, डबीत ओला कापूस, कापसावर कालचे भिजवलेले मूग. झाकण घट्ट. शेजारी तशीच दुसरी डबी, न फिरणारी, पण तितकीच उभी आणि तितक्याच अंधारात.

ही दुसरी डबी विसरणारे नवशिके दहातले नऊ. फिरणाऱ्या डबीतली मुळं वाकडी गेली म्हणून नाचायचं नाही. न फिरणाऱ्या डबीतलीही वाकडी गेली असतील तर दोष कापसाचा. नासानं हेच माणसांवर केलं: स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क खाली. दोघांचं रक्त, जनुकं, आतड्यातले जिवाणू, सगळं शेजारी ठेवून बघितलं. निष्कर्ष २०१९ मध्ये आले, आणि बहुतेक बदल स्कॉट परतल्यावर काही महिन्यांत पूर्ववत झाल्याचं दिसलं. गावात जुळे असतील तर त्यांच्याशी आतापासून गोड बोलून ठेवा.

आहाराबद्दल थोडक्यात. नाक चोंदल्यामुळं तिथं जेवण अळणी लागतं आणि लोक तिखट मागतात. ठेचा घेऊन जा, मान मिळेल. सांगलीचं भडंग मात्र नेऊ नका. एक मूठ तोंडात टाकताना निसटली तर चुरमुरे यंत्रात, डोळ्यात, श्वासात जातील. ब्रेडचा भुगा होतो म्हणून अमेरिकनांनी १९८५ पासून मेक्सिकोच्या पोळीसारख्या टॉर्टिया न्यायला सुरुवात केली. भाकरीला त्याच कारणानं बंदी, चपातीला परवानगी. शुक्ला गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. कंदी पेढ्याचा भुगा होतो, तेव्हा त्यावर कुणी तरी संशोधन करावं.

किरणोत्साराचा धडा घरी करता येत नाही आणि करूही नये. सहा महिन्यांत तिथं ८० ते १६० मिलिसीव्हर्ट अंगावर पडतात, छातीचा एक एक्स-रे म्हणजे साधारण ०.१, यावरून काय ते समजा. एकांतवासाच्या धड्यासाठी मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस कोंडलं होतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हा धडा माफ.

राहिला परतीचा धडा. शुक्लांनी स्वतः सांगितलं आहे की परतल्यावर हातात घेतलेला फोन त्यांना जड लागला, आणि काम झाल्यावर त्यांनी लॅपटॉप बंद करून पलंगाशेजारी हवेत सोडून दिला. तरंगेल, या सवयीनं. वीस दिवसांत ही गत.

आता तुमच्या घराकडं बघा. खुब्याचं हाड मोडून किंवा मोठ्या आजारातून उठून एखादी आजी खाटेवर पडली असेल, तर हा प्रयोग विटांशिवाय चालूच आहे. कोलोनला निजलेले तरणेताठे होते, निवडून घेतलेले होते आणि साठाव्या दिवसानंतर त्यांना पायांवर आणायला शिक्षक होते. आजीच्या मांडीत मुळात किती शिल्लक आहे? तिला रोज गरम जेवण, स्वच्छ चादर, टीव्हीचा रिमोट सगळं मिळतं. माया म्हणून आपण तिला हलू देत नाही. अंतराळवैद्यकाच्या दृष्टीनं ही माया चुकीची आहे.

डॉक्टरांनी उठवायला सांगितलं की त्याच दिवशी उठवा. ती "नको, दुखतंय" म्हणेल, गोळीची वेळ बघून पुन्हा विचारा. आधी कडेला बसवा, पाय खाली सोडू द्या, भोवळ येते का बघा. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून उंबऱ्यापर्यंत न्या, आणि किती पावलं चालली ते वहीत तारखेसकट लिहा.